मोरशिखेची उत्तरपूजा

॥ श्री ॥

सीताबर्डी, नागपूर.
वैशाख वद्य पंचमी, शके १८५९

प्रिय पुष्पे,

सुट्टीतसुद्धा जबलपुरालाच राहून सासूला चकवू पाहणाऱ्या माझ्या लाडक्या सुनेला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मास्तरणीच्या ट्रेनिंगची परीक्षा चांगली गेली हे वाचून घरात साखर वाटली. म्हणजे मी वाटली आणि तुझ्या मामंजींनी एकट्यांनी खाल्ली. पण आता सुट्टीत घरी न येता तिथंच थांबून प्रथमोपचाराचा वर्ग करणार, हे काही माझ्या गळी उतरलं नाही. पट्ट्याच बांधायच्या असतील तर इथं ये. मामंजी रोज दाढी करताना हनुवटी कापून घेतात, तुझा हात चांगला बसेल. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर हसू नकोस. ज्या बाईनं पन्नाशीच्या सासूच्या हातात पाटी-पेन्सिल दिली, तिनं आता तिची लांबलचक पत्रंही सोसली पाहिजेत.

तू पत्रात दोन गोष्टी विचारल्यास. पहिली ठळक अक्षरात, मधोमध: मोरशिखा जिवंत आहे ना? दुसरी सही झाल्यानंतर, कागदाच्या कडेला, मुंगीएवढ्या अक्षरात: अनंतराव अजून येतात का? ती वाचायला मला चष्मा लावून कागद आडवा धरावा लागला. मीही याच क्रमानं उत्तर देणार आहे. पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे, पण पत्राला ती चालायची नाही. मोरशिखेवर इकडे फार मोठा प्रसंग येऊन गेला. बस, पाणी पी, आणि वाच.

परसातला तो काळा खडक माझ्या डोळ्यांत आधीपासूनच खुपायचा. घर बांधताना गवंडी म्हणाला होता, काढायचा तर सुरुंग लावावा लागेल. वर टेकडीवर किल्ला, किल्ल्यात पलटण. खाली सुरुंग उडाला तर वरून तोफ उडायची, म्हणून मामंजींनी खडकाला हात जोडले आणि तो राहिला. उत्तरेची बाजू, वर लिंबाची सावली, मागे टेकडी. गुलाब लावला, जळला. मोगरा लावला, रुसला. मग मी तिथं फुटकी मडकी टाकायला लागले. पुढं तू या घरात आलीस, आणि पहिल्याच वर्षी तू अन् केशव रामटेकला जाऊन आलात. केशव दोन्ही हातांत टोपी धरून आत आला तेव्हा मला वाटलं प्रसाद आणला. मी पदर पसरला, तर त्यानं त्यात मूठभर माती आणि तळहाताएवढं झुडूप ठेवलं. मोराच्या डोक्यावरचा तुरा असतो ना, थेट तसं. मी म्हटलं, लोक रामटेकहून पुण्य आणतात, माझ्या लेकानं गवत आणलं.

तुम्ही दोघांनी खडकाच्या चिरेत विटेचे तुकडे, पडक्या भिंतीचा जुना चुना आणि लिंबाखालची चिमूटभर कुजकी पानं भरून ती तिथं बसवली. पहिल्या उन्हाळ्यात तिनं पानं मिटून घेतली आणि ती पार तपकिरी झाली. मी खराटा घेऊन निघाले, तर केशव आडवा आला. म्हणाला, आई, ती मेली नाही, मिटून बसली आहे. पावसानंतर खरंच ती पुन्हा हिरवी झाली, तेव्हा चिरंजीव आठवडाभर नाक वर करून फिरत होते. आणि केशव विषमज्वरानं गेला त्या वर्षी तू रोज सकाळी तांब्याभर पाणी तिच्यावर घालायला लागलीस. उन्हाळ्यातसुद्धा. मला दिसत होतं, पण तुझा हात धरायचं धैर्य मला झालं नाही. अर्धं झुडूप काळं पडून हातात आलं, तेव्हा तुझं तुलाच कळलं. त्या दिवशी तू तांब्या खडकावर उपडा ठेवलास आणि रडलीस. तिच्यासाठी रडलीस की त्याच्यासाठी, हे मी विचारलं नाही. उरलेल्या अर्ध्यातून तू सगळा खडक भरवलास, हे मात्र गल्लीला अभिमानानं सांगत आले आहे.

तर तू गेल्यापासून मी सगळं तुझ्या सांगण्याबरहुकूम केलं. पाणी वरून नाही, चिरेच्या कडेनं. तेही थंडीपर्यंत, आणि नंतर अजिबात नाही. चिरेत पाणी साचू द्यायचं नाही. दिवाळीत खडकावर हिरवं शेवाळासारखं काहीतरी धरलं होतं. मी घासायला काथ्या घेतला, तेवढ्यात मोरशिखा पाहायला आलेले तुझे अनंतराव किंचाळले. ती मोरशिखेची बाळं म्हणे. (तुझे असं का लिहिलं ते पुढं येईल.)

आता मुख्य गोष्ट. माघातल्या एका सकाळी अनंतराव आले. कॉलेजात वनस्पती शिकवणारा माणूस, अंगात कोट, डोक्यावर हॅट. शेवाळ चेंगरू नये म्हणून बूट काढले, हॅट काढली आणि पानांची मागची बाजू पाहायला खडकासमोर सपशेल पालथे पडले. तुला ठाऊकच आहे, पानाच्या कडा खाली दुमडलेल्या असतात आणि त्यांत ती तपकिरी पूड असते, तिचं बीच ते. ती त्यांनी अलगद कागदावर झटकली, पुडी बांधली, आणि कोटाच्या आतल्या, छातीजवळच्या खिशात ठेवली. मग उठताना तोल जाऊ नये म्हणून दोन्ही हात खडकाला टेकले. हे सगळं कुंपणापलीकडून कोणी पाहिलं असेल? आपल्या रुखमाबाईंनी.

दुपारी बाई हजर. "काहून वं देवकी, घरात देव निघाला अन् शेजारणीले पत्ता नाही? कॉलेजचा सायेब बूट काढून लोटांगण घालून राहिला, म्या डोळ्यानं पाह्यलं!" मी म्हटलं, अहो, ते पानाखालची पूड नेत होते. तर म्हणते, "पूड म्हंजे अंगाराच न वं!" मी हसत सुटले, आणि माझं हसू तिला कबुलीच वाटलं. दुसऱ्या दिवशी तिची गाय व्याली. ती महिनाभर व्यायच्याच बेतात होती हे सगळ्या गल्लीला माहीत, पण श्रेय गेलं आपल्या खडकाला.

मग काय विचारतेस! सोमवारी बेल आला. मंगळवारी हळद आली. शिवरात्रीला तर आपल्या परसात पाय ठेवायला जागा नव्हती. देव आहे की देवी, यावर मात्र एकमत नव्हतं. रुखमाबाई म्हणत महादेव, कोपऱ्यावरची सुभद्रा म्हणे, "महादेव कशाचा, माता माय आहे ते. पाहा न, डोक्शावर मोराचा तुरा!" त्यामुळे एकीनं दूध ओतायचं आणि दुसरीनं शेंदूर फासायचा, असं दोन्हीकडून चाललं. अनंतराव आले की बायका वाट सोडून उभ्या राहायच्या, आणि एक म्हातारी तर त्यांच्याच पाया पडली. बिचारा कानापर्यंत लाल झाला. मामंजी आरामखुर्चीत वर्तमानपत्राआड बसून गदगदा हसत होते. पुष्पे, त्यांना तसं हसताना मी केशव गेल्यापासून पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या हसण्यासाठीच मी ते देवस्थान जरा जास्त दिवस चालू दिलं.

पण एक दिवस माझं डोकं फिरलं. पाचसहाजणी खडकाला कुंकू लावत होत्या. बोटं भरभरून, पानं लाल होईपर्यंत. आणि माझ्या मनात आलं, या दगडाच्या कपाळाला कुंकू लावायला सगळी गल्ली धावते, आणि याच बायका संक्रांतीला माझ्या पुष्पीला पाहून ताट पदराखाली घेतात. दगडाला विचारलंसुद्धा नाही यांनी, तू सवाष्ण का म्हणून! मी तरातरा आत निघून आले आणि दाणकन पितळी आपटली. मामंजींनी वर्तमानपत्र खाली केलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वर केलं. पण तेव्हापासून हसणं बंद झालं ते बंदच.

चैत्र लागला आणि रुखमाबाईंनी कळस केला. उन्हाळ्यात देवाला गारवा हवा म्हणून लिंबाच्या फांदीला गळती टांगली. मडक्याला भोक, भोकात दर्भ, आणि थेंब थेंब पाणी थेट मोरशिखेच्या डोक्यावर, दिवसभर, रात्रभर. बाईचा भाव खरा होता गं, ते मी नाकारणार नाही. पण ज्या दिवसांत त्या झाडानं मिटून बसायचं, त्याच दिवसांत त्याला न्हाऊ घातलेलं! अनंतरावांनी पान धरलं तर काळं पडून हातात आलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं. म्हणाले, "पुष्पलताबाईंना काय सांगू मी?" मी म्हटलं, त्यांना सांगायचं काय ते मी पाहीन, तुम्ही आधी ती गळती काढा. तर तो एवढा शिकलेला माणूस हात लावेना. म्हणे, त्यांच्या श्रद्धेला धक्का लागेल. मी काढायला गेले तर मलाही हात लावता येईना. उद्या रुखमाबाईंच्या वासराला ठेच लागली तरी माझ्या नावानं बोटं मोडली जातील. देव बसवायला कोणी लागत नाही बघ. उठवायला मात्र शास्त्र लागतं.

म्हणून मी गणपतभटजींना बोलावलं आणि सांगितलं, या देवाची उत्तरपूजा करा. भटजींनी खडकाभोवती फेरी मारली आणि डोकं खाजवलं. प्राणप्रतिष्ठाच झाली नाही तर उत्तरपूजा कशाची? बरं, बायका म्हणतात स्वयंभू. मग स्वयंभू देव जागेवरून हलत नाही. मी म्हटलं, हलत नाही म्हणजे काय? घरचे लोक विनंती करत असतील, दुसरीकडे चांगली जागा तयार असेल, तर देव का अडून बसेल? देवाला काय आपल्यासारखा हट्ट असतो? भटजींनी बराच विचार केला. शेवटी तोड निघाली: कन्हानच्या पात्रातला एक गुळगुळीत गोटा आणायचा, खडकातल्या देवाला या गोट्यात या म्हणायचं, आणि गोटा रुखमाबाईंच्या अंगणातल्या पिंपळाखाली बसवायचा. रुखमाबाईंचा फुगलेला चेहरा एका क्षणात फुलला. आपल्या अंगणात देव येतो म्हटल्यावर तिनं पार बांधून घेतला, आणि माता माय की महादेव हा वाद सुभद्रेशी आता ती तिथं आरामात बसून घालते.

अक्षय्य तृतीया झाल्यावर पूजा झाली. मामंजी सोवळं नेसून पाटावर बसले. भटजींनी संकल्प सांगायला घेतला आणि विचारलं, मनात काय इच्छा धरायची? मामंजी खडकाकडे पाहत म्हणाले, "पोरीचं चांगलं व्हावं." भटजी आपल्या घरचे जुने, त्यांना आपला सगळा वंश पाठ. ते म्हणाले, गोपाळराव, तुम्हाला मुलगी कुठं आहे? मामंजी म्हणाले, "आहे एक. जबलपूरले शिकून राहिली." माझ्या हातातली पळी पाण्यात पडली. मग त्यांनी अक्षता टाकल्या, भटजींनी मंत्र म्हटला आणि गोटा खडकावरून जरासा हलवला. तेवढंच. हलला, आणि देव मोकळा झाला. गळती मीच उतरवली.

खडक आम्ही पुसून घेतला. अनंतरावांनी कुजलेलं सगळं काढलं, चिरेतला शेंदूर खरवडला आणि विटेचा चुरा भरला. आता तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: पुढची बाजू गेली. पण मागच्या चिरेतली, केशवानं टोपीतून आणलेल्या जुन्या मुळाची झुडपं, आणि दिवाळीत काथ्यापासून वाचलेली बाळं, ती सगळी पानं मिटून, तपकिरी होऊन बसली आहेत. कुजलेली आणि मिटलेली यांतला फरक तूच मला शिकवला होतास. काल सकाळी जाऊन एक पान हळूच ओढून पाहिलं. सुटलं नाही. घट्ट धरून आहे. तेव्हा जिवंत आहे, काळजी नसावी.

आता मुंगीएवढ्या अक्षरांचं उत्तर. येतात. आठवड्यातून दोनदा येतात. मिटून बसलेल्या झाडात पाहण्यासारखं काही नसतं हे मलासुद्धा कळतं, तर त्यांना कळत नसेल? गेल्या गुरुवारी चहा देता देता मी सरळच विचारलं, तुम्ही मोरशिखेसाठी येता की जिची ती आहे तिच्या बातमीसाठी? त्यांनी कपबशी खाली ठेवली. मग सगळं सांगितलं. अमरावतीच्या आपल्या आईची संमती घेऊन त्यांनी तुला विचारलं, हेही. आणि तू काय लिहिलंस, तेही: तुमच्याविषयी माझ्या मनात आदर आहे, पण मी त्या घराची सून आहे, त्या दोघांना एकटं टाकून मी तिथून हलणार नाही. पुष्पे, ऐकून मला आधी भरून आलं आणि मग तुझा असा राग आला म्हणतेस! आदर म्हणे. आदर असलेल्या माणसाची चौकशी कोणी कडेला, बारीक अक्षरात करत नाही. आणि एकटं कोणाला टाकणार आहेस तू? त्यांची खोली धंतोलीत आहे. इथून हाक मारली तर ऐकू येईल. रुखमाबाईंचा देव कुंपणापलीकडे गेला, तेव्हापासून आमच्याकडे त्याचा प्रसाद दुप्पट येतो.

म्हणून हे पत्र. मी आणि मामंजी दोघं बसून बोललो आहोत. तुझ्या माहेरी कोणी उरलं नाही, म्हणून कन्यादान आम्ही करणार. भटजींना विचारलं; त्यांनी पुन्हा डोकं खाजवलं, पण त्यांना आता सवय झाली आहे, ज्येष्ठातला मुहूर्त काढून देतो म्हणाले. गल्ली काय म्हणेल म्हणून घाबरू नकोस. ज्या गल्लीला पूड आणि अंगारा यांतला फरक कळत नाही, तिचं किती मनावर घ्यायचं? शिवाय रुखमाबाईंना सुगावा लागलाच आहे. आधी दोन दिवस अबोला धरला, आणि काल कुंपणापाशी येऊन म्हणाली, "पोरीचं लग्न करून राहिली अन् मले बोलावत नाहीस? कुंकू लावाले कोण येईन मंग?" मी तिच्या गळ्यात पडून रडले. जबरदस्ती मात्र नाही हं. तुझ्या मनातच नसेल तर तसं स्पष्ट लिही, मी अनंतरावांचा चहा बंद करीन आणि पुन्हा विषय काढणार नाही. पण कारण आम्ही असू, केशव असेल, तर ते कारण चालायचं नाही. तो गेला त्या वर्षी तू तांब्या उपडा ठेवलास ना? तो आता मनातही उपडा ठेव. इतकी वर्षं पाणी घातलंस, पुरे झालं. त्याचं मूळ आमच्याजवळ घट्ट आहे. या पाकिटात कागदाच्या पुडीत चिमूटभर अक्षता घातल्या आहेत. त्या दिवशीच्या उत्तरपूजेतल्याच आहेत, पण तांदूळ लग्नालाही तोच असतो. पुडी उघड, डोक्यावर टाकून घे, आणि हल आता. अक्षता पडल्यावर देवसुद्धा जागेवर बसून राहत नाही.

गाडी कोणती ते कळव. मामंजी स्टेशनवर येणार आहेत, त्यासाठी नवा कोट शिवायला टाकला आहे.

आजवर 'सासूबाई' अशी सही करत आलेली,
तुझीच
आई